मागच्या खोलीत दोन मांजरं

आधीच सांगते, करणी, भानामती, बाहेरचं... यातलं काहीही मी आजवर मानलेलं नाही. हॉस्टेलला असताना मुली असले किस्से सांगायला बसल्या की मी उशी कानावर घेऊन झोपून जायचे. फेसबुकवरचा हा अनुभवांचा ग्रुपसुद्धा दुपारी भांडी झाली की टाइमपास म्हणून वाचते, आणि खरं सांगू का, निम्म्या पोस्ट वाचून हसायचे. आता हसत नाही. पुढं लिहिलंय ते पिंपळीत, आमच्या स्वतःच्या घरात, दिवसाउजेडी झालंय. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. ज्यांना रक्ताचं, जखमांचं वाचवत नाही त्यांनी इथंच थांबा.

घर कसं आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की पिंपळी लागतं. डांबरी रस्ता सोडून थोडं आत गेलं की आमचं घर. जुनंबिनं काही नाही, आम्हीच बांधलेलं, अजून बाहेरून रंगही दिलेला नाही. पुढं हॉल, मधे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या मागं एक खोली. त्या खोलीला एकच दार, ते स्वयंपाकघरात उघडतं आणि कडी स्वयंपाकघराच्या बाजूनं. परसाकडं एक खिडकी, तिला गज आणि डासांची जाळी. वर स्लॅब. गव्हाची स्टीलची कोठी, बाजरीची पोती, एक लोखंडी खाट आणि अडगळ, एवढंच तिथं असायचं. परसात जायचं दार वेगळं, ते स्वयंपाकघरातून.

घरात आम्ही चौघं. मी, माझा नवरा अमोल, मुलगी स्वरा आणि सासूबाई. सासूबाईंना सगळी भावकी अक्का म्हणते, मीही अक्काच म्हणते. अमोलचं बारामतीत ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. नव्या घरात उंदरांनी उच्छाद मांडला होता. पोती फोडली, गाडीची वायर कुरतडली, शेवटी स्वराच्या जुन्या दप्तरात पिल्लं घातली. मी चिकट गोंदाचा पुठ्ठा आणला. रात्री त्यात एक उंदीर अडकला आणि सकाळी बघते तर अमोल ओट्याखाली बसून खोबरेल तेलाच्या बोटानं त्याचा एकेक पाय सोडवतोय! सोडवला आणि लांब बांधावर नेऊन सोडून आला. माणूस हा असा. लग्न झाल्यापासून त्यानं माझ्यावर कधी आवाज चढवलेला नाही.

तर उंदरांवर उपाय म्हणून मांजर आणायचं ठरलं. माझं माहेर निरवांगीचं. भाऊ नितीन म्हणाला, "ताई, आपल्या मांजरीला पिल्लं झालीत. त्यातलं एक आणतो, लई हुशार हाय." अक्कांचा मात्र साफ नकार. "मांजर घरात नगं बाई. दुधात तोंड घालतंय, अंथरुणात घाण करतंय. आन् त्याला माणसाची माया न्हाय, जागेची असती. पळून जातंय बघ निरवांगीला."

नितीननं तिला कापडी पिशवीत घालून मोटरसायकलवरून आणलं. "कळंबपर्यंत नुसती बोंबलत होती," तो सांगत होता, "मग दमून गप झाली." पिशवी उघडली तर बाहेर आली ती एक चपराक नितीनच्या हातावर मारूनच. पांढरी, पाठीवर काळे ठिपके, मुठीएवढं तोंड आणि रुबाब असा... स्वरानं तिथल्या तिथं नाव ठेवलं, गुंडी.

नवं मांजर आधी एकाच खोलीत ठेवावं, त्या खोलीला ते सरावलं की मग सगळं घर दाखवावं, असं मी मोबाईलवर वाचलं होतं. म्हणून मागची खोली तिची. वाळूचं घमेलं, पाण्याची वाटी, आणि निरवांगीच्या घरचं एक फडकं, ओळखीचा वास असावा म्हणून. अक्का दारातून नाक मुरडत सगळं बघत होत्या. थोड्या वेळानं बघते तर त्याच आत बसलेल्या, मांडीवर गुंडी, आणि वाटीतलं कोमट तूप तिच्या पायांना चोळणं चाललंय.

"हे काय अक्का?"

"असं केलं की चाटत बसतंय, आन् पळायचं इसरतंय. आमच्यात असंच करत्यात."

दोन दिवसांत अक्कांचं जुनं मऊ लुगडं गुंडीचं अंथरूण झालं. चपाती दुधात कुस्करून भरवायच्या, वर मलाच सांगायच्या, "तू लांब हो, तुला बघून खात न्हाय ती." छान चाललं होतं. फक्त एक होतं. गुंडी खोलीभर फिरायची, कोठीवर चढायची, पोत्यांवर लोळायची, पण त्या लोखंडी खाटेखाली कधी जायची नाही. चेंडू खाटेखाली गेला की काठावर बसून बघत राहायची. आम्हाला त्यात मौज वाटायची.

आठवडा झाला असेल. दुपारी मी कणीक मळत होते. स्वरा शाळेत, अमोल दुकानात, अक्का हॉलमध्ये मेथी निवडत होत्या. मागच्या खोलीतून गुरगुर ऐकू आली. गुंडीचीच... बारीक, किरकिरी. आणि तिच्या मागोमाग दुसरी. ती खूप खालच्या सुरातली. विहिरीवरची मोटर सुरू होताना घरघरते ना, तशी. मला वाटलं खिडकीबाहेर बोका आलाय. इथूनच ओरडले, "ए, पळ!"

आणि एकदम आत भडका उडाला. बोक्यांची मारामारी ज्यांनी ऐकलीय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. पण ती कौलांवर, लांब कुठंतरी ऐकणं वेगळं... इथं दाराच्या पलीकडं, हातभर अंतरावर. किंचाळणं, फिस्कारणं, दारावर अंग आपटणं, डबे पडणं. आवाज दोन. मी शपथेवर सांगते, दोन. अक्का धावत आल्या, "अगं दार उघड! मारतंय तिला!" माझ्या हातांना कणीक लागलेली, कडी निसटत होती. कशीबशी काढली. दार उघडलं आणि आवाज बंद. हळूहळू कमी नाही झाला. तोडल्यासारखा बंद.

गुंडी गव्हाच्या कोठीवर होती. डावा कान मधोमध फाटलेला, खांद्याची कातडी लोंबत होती, आत लाल मांस दिसत होतं. कोठीच्या स्टीलवरून रक्ताचे ओघळ. ती आमच्याकडं बघत नव्हती, खाटेकडं बघत होती. फरशीभर केसांचे पुंजके पडले होते. पांढरे, काळे... ते तिचे. आणि त्यांत तांबूस, राठ, बोटभर लांबीचे केस. ते कुणाचे? गुंडीच्या पुढच्या पंजातही तेच अडकलेले.

मी खाटेखाली बॅटरी मारली, पोती हलवली. काही नाही. जाळी शाबूत. दाराची कडी मी स्वतः काढलेली. अक्का तोवर गुंडीला पदरात घेऊन बाहेर गेल्या होत्या, पदर भिजला होता.

बारामतीत जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी टाके घातले आणि चिमट्यानं खांद्यातून काहीतरी ओढून काढलं. नखाचा तुटका तुकडा होता. "मोठा बोका आहे, मॅडम. पिल्लाचं नख एवढं नसतं. बाहेर सोडू नका."

"डॉक्टर, ती बाहेर नव्हतीच," अमोल म्हणाला.

"मग तो आत आला असणार."

बरोबरच होतं ना! मलाही तेच पटलं. अमोलनं संध्याकाळी सगळी खोली तपासली, जाळी बोटानं दाबून दाबून पाहिली, दाराखाली पट्टी ठोकली. म्हणाला, "आता मुंगीसुद्धा येणार नाही." आणि टाके निघेपर्यंत उड्या मारू देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून आम्ही गुंडीला पुन्हा त्याच खोलीत ठेवलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या वेळी मी परसात कपडे वाळत घालत होते. खिडकीतून धप्प आवाज आला. मी जाळीला डोळा लावला. गुंडी फरशीवर उताणी होती. मागचे पाय वर, झपाझप ओरबाडत होती... कशाला? वर काही नव्हतं. मग ती पालथी झाली आणि तिच्या मानेची कातडी वर ओढली गेली. मांजरी पिल्लाला मानेला धरते तशी कातडीची घडी झाली, आपोआप. त्या घडीत खळगे पडलेले मला स्पष्ट दिसले, दात रुतल्यासारखे. पुढचे पाय फरशीवरून सुटले. आणि तिला झटका बसला. एक... दोन... मग फेकली. कोठीवर आदळली, कोठीला पोचा पडला.

मी काय ओरडले मला आठवत नाही. अक्कांनी दार उघडून तिला उचललं. जिवंत होती. टाके उसवले होते, मानेला भोकं.

अमोलला सांगितलं तर तो मला खोटं पाडत नव्हता, पण "तिला फिट आली असेल" असं म्हणत राहिला. मीसुद्धा तेच धरून बसले, फिटच असेल. फिटमध्ये मानेला भोकं पडत नाहीत हे दोघांनाही कळत होतं. गुंडीला हॉलमध्ये अक्कांच्या पलंगावर हलवलं. तिथं ती शांत झोपली. मागच्या खोलीत अमोलनं जुना मोबाईल कोठीवर उभा करून रेकॉर्डिंग लावलं, बॅटरी संपेपर्यंत. आम्ही बसून सगळं पाहिलं. रिकामी खोली. एक पाल भिंतीवरून गेली, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

म्हणून आम्ही सैल झालो. म्हणून अक्का आत गेल्या.

सकाळी दहा-अकराची वेळ. दळण संपलं होतं, बाजरी काढायला त्या सूप घेऊन आत गेल्या. मी हॉलमध्ये गुंडीला औषध पाजत होते, ती माझ्या मांडीवर होती हे लक्षात ठेवा. आधी सूप पडल्याचा आवाज आला. मग अक्कांची किंकाळी. अक्का ओरडणाऱ्यातल्या नाहीत हो... विंचू चावला तेव्हासुद्धा "आई गं" म्हणून खाली बसल्या होत्या फक्त. ही किंकाळी वेगळी होती.

मी पोहोचले तेव्हा त्या पोत्यांवर कोसळल्या होत्या आणि उजवा हात झटकत होत्या, जणू हाताला काही लोंबतंय. हातावर काही नव्हतं. पण झटकला की रक्त भिंतीवर उडत होतं. माझ्यादेखत पिंढरीवर चार रेघा उमटल्या, वरून खाली, आधी पांढऱ्या, मग भरून आल्या. मी त्यांना काखेत धरून ओढलं. दाराबाहेर येताच त्यांचा हात सैल पडला. मनगटाच्या वर मांस फाटलं होतं, आत पांढरं काहीतरी दिसत होतं. सांडलेली बाजरी लाल झाली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रं का?" अमोल म्हणाला, "मांजर." डॉक्टर जखमेकडं बघत राहिले. "पाळलेलं?" अमोलनं केसपेपर पुढं केला. टाके, रेबीजची इंजेक्शनं, सगळं झालं. दवाखान्यातल्या कॉटवर पडल्या पडल्या अक्का मला म्हणाल्या, "मांजरच व्हतं गं. दिसलं न्हाय. पर वजन व्हतं अंगावर, केसं लागत व्हती हाताला. तोंडाचा वास येत व्हता."

नितीन त्यांना बघायला आला होता. तो म्हणाला, "ताई, मी गुंडीला परत घिऊन जातो. ती आल्यापासनंच हे चाललंय."

अक्का उठून बसल्या. "त्या लेकराचा काय दोष? मार बी तिनंच खायाचा आन् घर बी तिनंच सोडायचं व्हय? ती कुठं जायाची न्हाय. ज्याला जायाचं त्येनं जावं."

अमोल आईच्या बँडेजकडं बघत उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दुकान उघडलं नाही. स्वराला शाळेत सोडून आला, आणि मुक्कामाला राहिलेल्या नितीनला घेऊन मागची खोली रिकामी करायला लागला. कोठी, पोती, अडगळ, ती खाट... सगळं परसात. खाटेखाली धूळ होती, उंदरांच्या दोन लेंड्या होत्या. बस्स. खोली पार मोकळी झाली. चार भिंती आणि फरशी. नितीन फरशी धुवायला नळावरून पाणी आणायला गेला. अमोल आत झाडत होता. टिकावाचा दांडा त्यानं कोपऱ्यात टेकवून ठेवलेला, सकाळपासून तो दांडा जवळच बाळगत होता. मी दारात उभी होते.

अमोल वाकला होता. त्याचा शर्ट पाठीवर फाटला. टर्र आवाज मला ऐकू आला. तो पुढं कोसळला, गुडघ्यांवर, आणि पाठीतून रक्त आलं. त्यानं वळून झाडू मारला, झाडू उडून गेला. मग सरपटत कोपरा गाठला आणि दांडा उचलला.

पहिला घाव फरशीवर बसला. दुसरा बसला नाही. म्हणजे... दांडा खाली आला आणि मध्येच थांबला, फरशीपासून वीतभर वर. आवाज भिजलेल्या गादीवर मारल्यासारखा. आणि एक ओरडणं, त्याच खालच्या सुरातलं. अमोलच्या मांडीला भेगा पडल्या, पँटसकट. त्यानं पुन्हा हाणला. पुन्हा. भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीवर, रक्ताची पिचकारी उडाली. ते त्याचं रक्त नव्हतं, तो दुसऱ्या बाजूला होता. तो शिव्या देत होता. असल्या शिव्या त्याला येतात हे मला माहीत नव्हतं. मी "बाहेर या, बाहेर या" म्हणत होते.

माझ्या पायांमधून काहीतरी गेलं. गुंडी होती. टाके घातलेली, फाटक्या कानाची, मुठीएवढी गुंडी. तिनं उडी घेतली आणि... हे मी कसं सांगू? ती हवेत लटकली. दातांनी. तिच्याखाली काही नव्हतं, वर काही नव्हतं, आणि ती गदागदा हलत होती, सुटत नव्हती. मागच्या पायांनी ओरबाडत होती आणि जिथं ओरबाडत होती तिथून रक्त ठिबकत होतं. मग तिला भिंतीवर आपटलं. ती पडली. मागचा एक पाय भलतीकडं वळलेला.

त्यानंतर अमोल थांबलाच नाही. माझ्याकडं पाठ करून तो एकाच जागी मारत होता. पावसात चिखल तुडवावा तसा आवाज. ओरडणं बारीक होत गेलं. शेवटी तर ते ओरडणं वाटत नव्हतं, नुसता ये-जा करणारा श्वास. तरी तो मारत होता. मी त्याचं नाव घेऊन किंचाळले. लग्नानंतर पहिल्यांदा एकेरीत, "अमोल, बास कर!" दांडा त्याच्या हातातून निसटला.

माझ्या डाव्या पायाला काहीतरी घासून गेलं. गरम. जड. मी खाली बघितलं तर सलवार गुडघ्यापासून खाली ओली लाल झाली होती. स्वयंपाकघराच्या फरशीवर थेंब पडायला लागले, एकामागून एक, आपोआप, परसदाराकडं.

नितीन बादली घेऊन पायरीपाशी आला होता. त्याच्यासमोर ते थेंब पायरी उतरले. "ताई... हे काय चाललंय?" त्याची बादली हातातच राहिली. थेंब परसातून गेले, पेरूच्या झाडाखालून शेजारच्या नांगरलेल्या रानात गेले. नितीन धीट आहे, मागं मागं गेला. मऊ ढेकळांत थेंब होते, पावलं नव्हती. रानाच्या मधोमध एका जागी बरंच रक्त होतं आणि तिथून पुढं काहीही नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. अमोलला पाठीत आणि मांडीत टाके पडले. गुंडीच्या पायाला प्लास्टर झालं. ती जगली, लंगडते. अक्कांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. खोलीत त्यानंतर काही झालेलं नाही. गुंडी आता तिथं बिनधास्त झोपते, खाट परत आत ठेवलीय, तिच्याखालीसुद्धा.

आम्ही शोधलं नाही असं नाही. ज्यांच्याकडून जागा घेतली ते तात्या शेजारीच राहतात. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "हितं माझ्या आज्यापासनं निस्ता ऊस. मसणवटा न्हाय, थडगं न्हाय, कुणाचा खून न्हाय. तुमी उगं भलतं मनात आणू नका." जनावरांच्या डॉक्टरांना ते तांबूस केस दाखवले. त्यांनी बघून सांगितलं, मांजराचेच वाटतात. म्हणजे मांजर होतं. बरं, मग पुढं काय? दिसत का नव्हतं, रेकॉर्डिंग चालू असताना कुठं होतं, कुठून आलं, कुठं गेलं... मला विचारू नका. अक्कांनी घरावरून नारळ ओवाळून टाकला, मी अडवलं नाही. एवढाच काय तो आमचा उलगडा.

हे सगळं मी लिहिणार नव्हते. पण मागच्या रविवारी सकाळी एक गोष्ट झाली. अमोल परसाच्या पायरीवर चहा पीत बसला होता. गुंडी लंगडत आली आणि तिनं त्याच्या नडगीला डोकं घासलं. शॉक बसल्यासारखा त्यानं पाय ओढला. कप फुटला. मी बाहेर येऊन बघते तर तो पांढराफटक.

"काय झालं?"

तो वाकून कपाचे तुकडे गोळा करायला लागला. मग म्हणाला, "त्या दिवशी... तू दारात होतीस, तुला दिसलं नसेल. गुंडी खाली पडल्यावर ते माझ्या अंगावर आलंच नाही. मी मारत होतो आणि ते माझ्या पायाशी आलं. डोकं घासत होतं. असंच. नडगीला. दोन-तीनदा."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"मला कळत होतं ते काय करतंय," तो म्हणाला. "तरी मारलं. त्याच डोक्यावर."

गुंडी पुन्हा जवळ आली होती. तो तिला हात लावत नव्हता, ढकलतही नव्हता. तिनं शेपटी वर करून पुन्हा गाल त्याच्या पायावर घासला.

"मांजरं अशी डोकं का घासतात गं?" त्यानं विचारलं.

मला माहीत होतं. गुंडी यायच्या आधी मी सगळं वाचून काढलं होतं. गालापाशी त्यांचा वास असतो, तो ती आपल्या माणसाला लावतात. हे माणूस आमचं, हे घर आमचं, असं सांगायला.

मी म्हणाले, "माहीत नाही."